क्लाउडवरची स्थळं

काही घरांत जुनी वर्तमानपत्रं साठतात, काही घरांत प्लास्टिकच्या पिशव्या. आमच्या ऑफिसात फजिती साठते! आणि ती टाकूनही देता येत नाही, कारण कुणी ना कुणी ती आठवणीनं पुन्हा काढतंच. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारलं, "ताई, तुमचं ते क्लाउड म्हणजे नेमकं काय हो?" की मी आधी आजूबाजूला धुळ्याचं कुणी बसलंय का ते बघते. बसलेलं असलं, तर मग घास उतरत नाही.

आधी ओळख करून देते. जळगावात एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. माणसं दोन. एक मी, वर्षा, माहेर पहूरचं. पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि परत येताना 'आपल्याला सगळं येतं' असा समज सोबत घेऊन आले. दुसरे जितूभाऊ. पन्नाशीचे, शांत, क्लाउडवर काडीचा विश्वास नसलेले. मी केलेला घोळ निस्तरायचा आणि वर एकच वाक्य बोलायचं, अशी त्यांची पद्धत.

आणि गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचे नाना. निवृत्त मास्तर, आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे सचिव. वीस वर्षं त्यांनी मुला-मुलींच्या नोंदी वहीत स्वतःच्या अक्षरात ठेवल्या. नानांचा शिक्का असलेली पत्रिका म्हणजे मंगळ असला तर 'मंगळ आहे' असं लिहिलेलं असणारच, मग मूल कुणाचंही असो. त्यातून त्यांची स्वतःची मुलगी मनीषाही सुटली नाही.

मनीषा एकतीस वर्षांची, धुळ्यातच एका लॅबमध्ये टेक्निशियन. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा बघायचा, ही आपल्याकडची रीत. तसे मुलगे वहीत होते दोन-तीन. कुणाचं वय जमेना, कुणाचं शिक्षण. आठ वर्षं स्थळं येत होती आणि पत्रिका बघून परत जात होती. म्हणूनच नानांनी बैठकीत हट्ट धरला, "वही पुरत नाही, ॲप करू. धुळे-जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतली सगळी स्थळं एका जागी दिसू द्या." बाकीचे नको म्हणत होते. नानांनी सगळ्यांसमोर शब्द दिला आणि काम मला दिलं. पहिली नोंद, एक नंबर, मनीषाची.

माझं काम इतकंच. नोंदी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि ॲपला तिथवर नीट जोडायचं. ऐकायला किती सोपं!

* * *

पहिला डेमो धुळ्यात, मंडळाच्या हॉलमध्ये. मी लॅपटॉप उघडला, नाव टाकलं, फोटो आला, पत्रिका आली. टाळ्या! मी हात वर करून म्हणाले, "आता ही माहिती कुठल्या वहीत नाही, कपाटात नाही. क्लाउडवर आहे. जगात कुठूनही उघडा!"

नानांनी मंडळाच्या कॉम्प्युटरवर उघडलं. काही दिसेना. पुन्हा उघडलं. 'सर्व्हर सापडत नाही.' मी ऐटीत सांगितलं, "तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम आहे." मग इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्यानं वायर बदलली, डबा बदलला, आणि त्या बिचाऱ्याला मी चार लोकांसमोर वर झापलं.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं. ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहावा लागतो. तिथं मी 'लोकलहोस्ट' लिहून ठेवलं होतं. लोकलहोस्ट म्हणजे 'ज्या मशीनवर चालू आहे, तेच मशीन'. सगळ्या नोंदी माझ्या लॅपटॉपात होत्या आणि क्लाउडला मी अजून हातही लावलेला नव्हता.

सांगावं तर लागणारच होतं. मी खाली बघत सांगितलं. नाना थोडा वेळ माझ्या बॅगकडे बघत राहिले. एरवी ते शुद्ध मास्तरी मराठी बोलतात, पण हसू किंवा रडू आलं की थेट अहिराणी.

"म्हंजे पोरी, ढग तर तुनी पिशवीमाच शे!"

त्या इंटरनेटवाल्याची मी अजून माफी मागितलेली नाही. धुळ्याच्या रस्त्यात तो समोरून आला की मी दिसेल त्या दुकानात शिरते. एकदा अशीच खताच्या दुकानात शिरले होते.

* * *

मग खरंच क्लाउडवर गेलो. पण क्लाउडवरचा डेटाबेस कुणालाही आत घेत नाही. कोणकोणत्या ठिकाणाहून येणाऱ्याला दार उघडायचं, त्या पत्त्यांची यादी त्याला द्यावी लागते. मी आमच्या ऑफिसचा इंटरनेटचा पत्ता दिला, काम झालं. आणि धुळ्यात पुन्हा बंद!

नानांना फोनवर समजावलं, "नाना, सर्व्हर फक्त ओळखीच्या पत्त्यावरूनच आत घेतो. तुमचा पत्ता त्याला माहीत नाही."

"एवढंच ना? पाठवतो," म्हणाले.

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज. मंडळाचं नाव, गल्ली, मारुती मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर, जिल्हा धुळे, पिनकोड. खाली ओळ, "कुणी चुकत असल्यास टाकीजवळ उभे राहून फोन करणे."

मी हसले, जितूभाऊंना वाचून दाखवलं, पहूरला आईलाही पाठवलं. पुण्याची चार धरून बारा वर्षांच्या अनुभवावर मी एका मास्तरांची टिंगल केली! आणि स्वतः काय केलं? मंडळाचा इंटरनेट पत्ता दर दोन दिवसांनी बदलतो, तो पुन्हा पुन्हा कोण भरणार, म्हणून कंटाळून सर्व्हरचं दार सगळ्या जगाला उघडं टाकलं. कुणीही या! समाजाच्या सगळ्या मुला-मुलींचे फोटो, फोन नंबर आत.

जितूभाऊंनी ती सेटिंग पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कृपया आहेर आणू नये, एवढं लिहायचं राहिलं."

त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. दुपारभर एकेक पत्ता हातानं भरत बसले.

* * *

पुढे पासवर्ड. समाजाच्या कामाचा आहे तर शुभ असावा, असं मला वाटलं. म्हणून ठेवला 'शुभ', मग ते ॲट द रेटचं चिन्ह, मग 'लग्न'. इंग्रजी अक्षरांत. मला भारी कौतुक वाटलं स्वतःचं.

ॲप चालेना. दोन दिवस! मी क्लाउड कंपनीला तक्रारीचे मेल लिहिले, तेही जरा चढ्या भाषेत. तिकडून एका मुलीचं अगदी गोड उत्तर आलं, ते इथं सांगवत नाही. झालं असं होतं, की पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता एकाच ओळीत लिहितात, आणि दोघांच्या मध्ये ॲट द रेट येतं. माझ्या पासवर्डातलंच चिन्ह पाहून ॲपला वाटायचं, पासवर्ड 'शुभ' इथंच संपला. पुढचं 'लग्न' हे सर्व्हरचं नाव समजून ते बिचारं दोन दिवस 'लग्न' नावाचा सर्व्हर शोधत होतं.

हे मला कळायच्या आधी नाना ऑफिसात आले होते. स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ होती. नानांनी चष्म्यातून एकेक शब्द लावून वाचला आणि मराठी केलं.

"लग्न... सापडत... नाही."

मी म्हणाले, "हो ना नाना, दोन दिवस झाले."

"पोरी, माले आठ वरीस व्हयी गयात."

मी उठून चहा सांगायला खाली गेले. चहा तर आधीच टेबलावर होता.

* * *

पासवर्ड बदलला, जोडणी झाली, चारशे नोंदी एका झटक्यात वर चढवल्या. उघडून बघते तर मराठी अक्षर एक नाही. नुसती प्रश्नचिन्हं! डेटाबेसला देवनागरी ठेवायला सांगायचं असतं, ते मी सांगितलंच नव्हतं. नाव प्रश्नचिन्हं, गाव प्रश्नचिन्हं, शिक्षण प्रश्नचिन्हं.

मला कळायच्या आत लोकांनी ॲप उघडलं होतं. माझ्याच पहूरच्या एका काकूंचा फोन आला, "वर्षा, ह्या मुलाच्या उत्पन्नापुढे सहा प्रश्नचिन्हं आहेत. म्हणजे लाखात समजायचं का?"

हसण्यासारखं होतं खरं, पण लॅपटॉपातली प्रत मी आधीच पुसून टाकली होती, त्यामुळे चारशे नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागणार होत्या. नानांचे डोळे दुखायचे. तेव्हा मनीषा आली. ओळीनं चार रविवार ती धुळ्याहून सकाळच्या बसनं जळगावला यायची, वही उघडायची आणि टाइप करत बसायची. माझ्या चुकीपायी दुसऱ्यांच्या पोरींचे गुण, रंग, उंची ती लिहीत होती, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

स्वतःची, एक नंबरची नोंद तिनं सगळ्यात शेवटी घेतली. सगळं भरलं, एक रकाना सोडला.

मी म्हटलं, "मनीषा, अपेक्षा राहिल्या."

"त्या प्रश्नचिन्हंच राहू द्या, ताई."

* * *

मध्येच एक छोटा किस्सा, आणि हा जितूभाऊंचा आहे म्हणून सांगायला जरा बरं वाटतं. तपासणीसाठी आम्ही एक वेगळा डेटाबेस ठेवला होता. त्यात एकच वर होता. फोटो जितूभाऊंचा, शिक्षण 'आहे', नोकरी 'आहे', शेती 'आहे', अपेक्षा 'काही नाही'. एका सोमवारी मी ॲप चुकून त्याच डेटाबेसला जोडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही जिल्ह्यांत लग्नाचा मुलगा एकच!

अकरा फोन आले. भुसावळच्या एक बाई म्हणाल्या, "मुलगा जरा पोक्त वाटतो, पण अपेक्षा काही नाही म्हणजे घर चांगलं असणार."

मी वहिनींची माफी मागायला जितूभाऊंच्या घरी गेले. वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अकरांपैकी कुणी फोटोत न बघता, समोर बघूनही हो म्हणालं तर मला कळव."

* * *

आता मेळावा. धुळ्यात मोठं मंगल कार्यालय, समाजाची बाराशे माणसं, स्टेजवर नाना. माझ्या सासूबाई तिसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून, शेजारणींना सांगत की हे सगळं आमच्या वर्षानं केलंय.

नानांनी माइकवरून सांगितलं, "आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर ॲप उघडा." सगळ्यांनी उघडलं. आणि ॲप पडलं! डेटाबेसशी एका वेळी किती जोडण्या करायच्या याला मर्यादा असते, आणि झालेलं काम संपलं की जोडणी सोडून द्यायची असते. मी एकही सोडत नव्हते. प्रत्येक मोबाइलवर एकच इंग्रजी ओळ, 'टू मेनी कनेक्शन्स'.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ज्यांना ॲप नको होतं ते पुढच्या रांगेतून नानांकडे बघून हसत होते. नानांनी दिलेला शब्द माझ्यामुळे सगळ्या समाजासमोर जमिनीवर आला होता. नानांनी माइक धरला. 

"मंडळी, मशीन म्हणतंय संबंध फार झाले! इथं आम्हाला एक जमेना, आणि याला जास्त झाले!"

सगळा हॉल हसला. नानांनी मला वाचवलं, आणि स्वतःच्या घरचं दुःख काढून वाचवलं, हे मला कळत होतं. मनीषा स्टेजच्या बाजूला नोंदणीच्या टेबलावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मी घामाघूम होऊन लॅपटॉप घेऊन मधल्या वाटेनं पळाले. मागून शेजारणीचा आवाज आला, "अहो, ती तुमची सूनच ना?"

सासूबाई म्हणाल्या, "ती? कोण जाने कोनी शे!"

* * *

आणि आता शेवटचा. हा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मेळाव्यानंतर आठवड्याभरात मनीषाला भडगावचं स्थळ आलं. मुलगा योगेश, शाळेत शिक्षक. आई इंदूअक्का एकट्याच कर्त्या, वडील नाहीत. बघायला आले, मुलं दोन तास बोलली, मनीषा त्या दिवशी म्हणे मोठ्यानं हसली. ॲपनं जन्मवेळेवरून दोघांच्या पत्रिका मांडून छापल्या, नानांनी शिक्का मारला, पत्रिका जुळली. साखरपुड्याची तारीखही धरली. नानांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात उड्या मारल्या. इतक्या चुका केल्या, पण एक तरी चांगलं काम आपल्या हातून झालं!

मग पिंपळनेरहून एका बाईंचा फोन.

"ताई, माझी मुलगी संक्रांतीला पहाटे चार वाजता झाली. तुमच्या कागदावर ती भोगीला रात्री साडेदहाला झाली!"

मी म्हटलं, "काकू, भरताना चुकलं असेल."

"अहो, बाळंतीण मी होते का तुमचं क्लाउड?"

मी तपासलं. क्लाउडवरच्या डेटाबेसचं घड्याळ आपलं नसतं, जगाचं असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपली वेळ त्यातून परत घेताना पुन्हा आपली करून घ्यायची असते. मी ती घेतली नव्हती. ॲपवरचा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी साडेपाच तास आधी जन्मली होती. पत्रिका चुकीच्या, मंगळ इकडचे तिकडे! मी सगळ्या घरांना मेसेज पाठवला, 'तांत्रिक चुकीमुळे जन्मवेळ साडेपाच तास मागे दिसत आहे. येत्या रविवारी सर्वांच्या वेळा दुरुस्त होतील. क्षमस्व. वर्षा.'

शनिवारी नाना आले. न सांगता, एकटे. जितूभाऊ त्यांना बघताच काहीतरी आणायला म्हणून खाली गेले. नाना खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मनीषा सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झाली," ते म्हणाले. "मी दवाखान्याच्या बाहेर उभा होतो, घड्याळ बघत."

मी लॅपटॉपवर एक नंबरची नोंद उघडली.

"तुझ्या कागदावर तीन चाळीस होती. खाली, मंगळ नाही. मी वाचलं, पोरी. दोनदा वाचलं. वीस वर्षं लोकांच्या पोरींना मी मंगळ लिहिला. एकाचंही ऐकलं नाही. एक माय पाया पडली होती, तिचंही नाही." नाना टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. "आणि त्या दिवशी शिक्का मारला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनीषाच्या पत्रिकेत 'मंगळ नाही' असं आलं, ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. मी फक्त जोडणी चालू आहे ना, एवढंच बघत होते. आत काय वाहतंय ते बघायचं मला सुचलंच नाही, आणि त्यापायी हा माणूस माझ्यासमोर असा बसला होता.

"उद्या सगळ्यांच्या दुरुस्त कर," नाना म्हणाले. मग टोपी डोक्यावर घातली. "एक नंबर ऱ्हाऊ दे."

मी 'बरं नाना' म्हणाले. दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी सकाळी ऑफिसात एकटीच बसले. एका ओळीची कमांड. सगळ्या नोंदींची वेळ साडेपाच तास पुढे, एक नंबर सोडून. लिहिली, वाचली, लाज वाटली, पुन्हा वाचली. एंटर दाबणार तेवढ्यात फोन वाजला. भडगावहून, इंदूअक्का.

"ताई, तुमना तो टाइमना मेसेज उना."

"हो अक्का, आज होतील सगळ्यांच्या दुरुस्त."

"बठ्ठास्ना करा. आमना योगेशना तेवढा ऱ्हाऊ द्या."

मी एंटरवरचं बोट काढलं. तिकडून अक्कांचा आवाज एकदम खाली आला.

"माले भलती लाज वाटस ताई, पन सांगस. पोऱ्याले मंगळ शे. तुमना कागदवर तो नही उना, आन मी चूप बसनू. आते पोरना बापले कळू देऊ नका. त्या मास्तर एकदम खरा मानूस शेतस म्हने, त्यास्ले खोटं बिलकुल चालत नही!"